पोळ्याचं आवतन

चिखलीच्या पिठाच्या गिरणीवर अनुपमाचा नंबर तिसरा होता. पुढच्या दोघी गिरणीच्या आवाजावर ताण करून बोलत होत्या, त्यामुळे तिलाही सगळं ऐकू येत होतं.

"काऊन वो अन्नपूर्णाबाई, परवाच तं गहू दळून नेले. पाहुणे आले का?"

"हाव, एकच हाये. बैल."

"थो दुसरबीडच्या रस्त्यावर कोनी सोडून देल्लेला? खांदा सडलेला?"

"थोच. खांदा भरून आला आता. पन मानूस दिसला की कोपऱ्यात जाये. हातानं देल्लं तं तोंड फिरवे. आमचे मालक म्हनत, पोळा झाला की गोरक्षणात नेऊन देतो याले."

"मंग?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याले लोणी-हळद लावली. थरथरला, पन उभा राह्यला. मंग रीतीपरमानं कानात म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"थे तं सगळेच म्हनतेत."

"म्हनतेत सगळे, पन यानं ऐकलं ना! सकाळी पाह्यतो तं दावं सुटलेलं, अन् हा सैपाकघराच्या दारात. माह्या हातून पुरणपोळी खाल्ली. तवापासून रोज येऊन राह्यला. रोज पुरण कुठून आणू? साधीच पोळी देतो."

"अन् मालक? थे कधी नेतेत त्याले?"

"रोज सकाळी दावं घेऊन येतेत. म्हनतेत, पाहुण्याचं जेवन होऊ दे पह्यले. अन् दावं खुंटीले टांगून वावरात निंघून जातेत."