एक नंबर

—नाय हो, जोरात दाबून काय उपयोग नाय. जोरात दाबून झालं, हळू दाबून झालं, अंगठा धुऊन पुसून दाबून झालं. हे बघा — 'मालवणी मसाला, अर्धा किलो' — फोटो हलतो, मोठा होतो, लहान होतो, सगळं होतं, आणि त्याच्या खाली हे 'खरेदी करा', हे मेलं थंड. राखाडी. दिवाळीपर्यंत हिरवंगार होतं, बोट लावलं की पुढचं पान उघडायचं. आता ढिम्म. तुम्ही काल जेवताना म्हणालात ना, पुण्याला कॉम्प्युटरचं काम करते — तेव्हाच माझ्या मनात आलं, पण म्हटलं पाहुण्यांना आधी सुखाने जेवू द्यावं. आता तुमचे मिस्टर गाडीत सामान भरतायत, तोवर वायच बघा. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, ह्या बसा.

रिफ्रेश? केलं. इंटरनेट? आहे की, आत्ताच शेजारच्या धोंडूने केळीच्या घडाचा फोटो पाठवला, तो आला ना. बांद्याला जाऊन आलो मुद्दाम, तिथल्या मोबाइलवाल्याकडे. तो म्हणाला, भाई — मला सगळे भाईच म्हणतात, परशुराम फक्त रेशनकार्डावर — भाई, फोन जुनो झालो, नवो घ्या. घेतला. नव्यावर पण राखाडी! परत गेलो तर म्हणतो, कॅश साफ करूया. मी म्हटलं, मेल्या, माझी कॅश तू मागच्याच खेपेक साफ केलंस, आता काय शिल्लक आसा? तर ती कॅश वेगळी म्हणे. केली ती पण साफ. काय फरक नाय. हल्ली मी काय करतो, सकाळी उठलो की एकदा दाबून बघतो, चहा झाला की एकदा बघतो, मग नारळांना पाणी सोडून आलो की परत एकदा.

हसताय? हसा, हसा. सगळी वाडी हसते. शिरोड्यात राहून पुण्यासून मालवणी मसालो मागवणारो हो एकटोच — असं म्हणतात मला. आता बाजारात मसाला मिळतो, नाय कशाला म्हणू? काल तुम्ही उसळ खाल्लीत ती त्याच मसाल्याची. चांगली झाली म्हणालात. तुम्ही पाहुणे, तुम्ही म्हणणारच. त्यात तिखट आहे, रंग आहे, पण धने जे भाजायला हवेत ना, अगदी जळायच्या आधी एक क्षण उतरवायचे — ते नाय. ते यशोदेला जमायचं. यशोदा म्हणजे माझी बायको. होती. ती चुलीशी भाजायची आणि झील, आमचा मुलगा, बाजूला बसून शिंकत असायचा, पण उठायचा नाय. त्याच्याच हातात उतरलं ते. दुसऱ्या कोणाच्या नाय.

—हां. म्हणजे दुकान त्याचंच. वर नाव नाय वाचलंत? 'यशोदाघर'. विनीत माझा मुलगा. लपवायचं काय त्यात? लपवत नव्हतो मी. बटणाचं विचारत होतो, बटणापुरतं सांगितलं.

बघतेस तुझ्या फोनवर? बघ, बघ. आता तुम्ही-तुम्ही किती करू, माझ्या मुलीच्या वयाची तू. काय झालं? हिरवं? दाखव — अगो, हिरवंच की! मगे माझ्यावर काय शिरा पडली? थांब, दाबू नको, पत्ता माझा घाल. भाई, साई कृपा, बाजाराच्या मागे, शिरोडा, जिल्हा सिंधुदुर्ग. पिनकोड घाल — घातलास? … राखाडी झालं. तुझ्या फोनवर पण? बघ, म्हणजे फोनात खोट नाय, मी उगाच त्या बांद्याच्या मोबाइलवाल्याला शिव्या घातल्या. पिनकोडात आहे म्हणतेस. मग सोपं आहे, कोकणात पाठवतच नसतील! बरोबर आहे त्याचं, कोकणात कोकम आणि मसाला कोण विकत घेणार? हुशार आहे तो, पहिल्यापासून हुशार. वेंगुर्ल्याचा कशाला घालून बघतेस — हिरवं? बांदा? … आणि दोडामार्ग? तिथे तर धड रस्ता नाय आमच्या मेव्हणीच्या घरापर्यंत, तिथे पण हिरवं?

म्हणजे फक्त शिरोडा.

नाय, चुकून झालं असेल. पिनकोड म्हणजे आकडेच ते, एखादा आकडा इकडचा तिकडे लागला असेल. चुकून होत नाय म्हणतेस. कोणीतरी बसून तेवढाच एक काढायला लागतो. बरं. कोणीतरी म्हणजे कोण, तेही सांग. नको, सांगू नको.

भांडण? कोणाच्या घरात नाय होत? झालं थोडं. यशोदा गेली त्या वर्षी चतुर्थीला आला, चांगली कंपनीतली नोकरी सोडून आला, आणि म्हणतो, बाबा, मी आयचा मसाला विकणार. आरतीला सगळी वाडी जमलेली. मी म्हटलं, तुका इंजिनेर केलंय तो मसालो कांडूक? एवढंच म्हटलं. म्हणजे अजून पण काय काय म्हटलं, पण मुद्दा एवढाच. विसर्जन झालं, त्याच संध्याकाळी गेला. तेव्हापासून ना त्याचा फोन, ना माझा. यशोदा असती तर दोघांच्या मधे बसून दोघांनाही खडसावलं असतं तिने. आता मधे कोण आहे? हा फोन आहे.

पण माझ्या मनात काय राहिलं नाय हो! उलट मी काय केलं, गपचूप मागवलं एक पाकीट. आलं. कापलं. आणि तुला सांगतो बाय, तो वास — तसाच. पडवीत बसून रडलो मी, म्हातारा माणूस. म्हटलं, जिंकलंस रे झिला. आता हे त्याला सांगायचं कसं? फोन करून? बापसाने झिलाक असां सांगूचां म्हणजे … जीभ वळत नाय. तर त्या पाकिटाच्या फोटोखाली ते तारे असतात ना, तिथे तुमचं मत द्या म्हणून. लिहायला पण जागा होती. पण काय लिहिणार, म्हटलं हेच बरं. नंबर दिला. मसाल्याला दिला, कोकमाच्या आगळाला दिला, तिरफळाला दिला, काय सोडलं नाय. आणि बाकीची माणसं बघ, काय मेली कद्रू! एक बाई पाच देते, एक चार देतो. घरबसल्या पार्सल येतं आणि नंबर काय, तर पाचवा! शाळेत झिलाचो पाचवो नंबर इलो तर घरात दोन दिवस कोण बोलूचा नाय. माझं डोकं सणकलं. म्हटलं, थांबा, आमची वाडी मेली नाय अजून. धोंडूला सांगितलं, हौसाबाईला सांगितलं, खालच्या वाडीतल्या दत्तप्रसादला सांगितलं — सगळ्यांनी एकेक पाकीट मागवा आणि विनीतला नंबर द्या. सगळ्यांनी दिला. वाडीत दिवाळीला सगळ्यांच्या घरात तोच मसाला होता. हौसाबाईला चष्म्याशिवाय दिसत नाय, तिचं बोट मी स्वतः धरून लावलं.

कितवा म्हणजे? एक! एक नंबर. दाखवतो की, हे बघ, इथे खाली — परशुराम, शिरोडा, एक. हौसाबाई, शिरोडा, एक. सगळे एक.

अशी काय बघतेस?

काय? … परत सांग.

पाच म्हणजे चांगलं. म्हणजे तारे मोजायचे. नंबर नाय. आणि एक म्हणजे … एक म्हणजे भिकार. एक म्हणजे घेऊ नका, फसाल. सगळीकडे असंच असतं? तुम्हा सगळ्यांना ठाऊक असतं हे? मला कोणी सांगितलं नाय गो. तिथे लिहिलंय कुठे, एक म्हणजे वाईट म्हणून? आपण जेवण चांगलं झालं की काय म्हणतो? एक नंबर. क्रिकेटमधे पोराने सिक्स मारली की काय म्हणतो? मी त्याला — अगो देवा. त्याला वाटलं असेल बाबांनी सगळी वाडी गोळा केली. आरतीला केली होती तशी. नवीन दुकान, आयचं नाव वर लावलेलं, आणि बापूस घराघरातून माणसं उठवून त्याच्या तोंडाला काळं फासतोय. मी असतो त्याच्या जागी तर पिनकोड काय, गावाचं नाव पुसलं असतं.

बदलता येतात? मग बदल ना, बसलीस काय! पाच कर, सगळ्यांचे पाच कर. … काय म्हणतं ते? आत घेत नाय मला? माझं खातंच बंद? म्हणजे तारे पण राखाडी. बरं. बरोबर आहे. मी तरी आत घेतलं असतं का.

तुझ्या पत्त्यावर मागवून मला पाठवणार? देव तुझं भलं करो बाय, पण मसाला नको आता. मसाल्याचं काय करू.

थांबतील, थांबतील, हॉर्न वाजवू दे तुझ्या मिस्टरांना, सांग भाईंनी थांबवलं. नाय — तू जा खरंच, घाटात ऊन होईल. खाली नंबर आहे तो काय बघतेस? दुकानाचा आहे. मी कधी लावला नाय, माझं नाव दिसेल ना त्याला. तुझ्या फोनवरून नाव नाय दिसणार, ते खरं. पण सांगायचं काय? एक म्हणजे मला पहिला नंबर वाटला — हसेल तो. हसला तर बरंच होईल. लहानपणी हसायला लागला की थांबायचा नाय. अगो, लावलास पण? थांब, थांब जरा, पाणी पिऊन येतो — दे. दे इकडे. कुठल्या बाजूने ऐकायचं? वाजतोय.

उचलला.

…

ठेवला त्याने. 'यशोदाघर, नमस्कार, बोला' म्हणाला. मग परत 'बोला' म्हणाला. मग 'हॅलो, हॅलो, कोण आहे' म्हणाला. घसा बसलाय त्याचा, तिखटाने बसतो, यशोदेचा पण बसायचा. नको, परत लावू नको. सांगितलं मी त्याला. विनीत, मी बाबा बोलतंय, एक नंबर झालो हा मसालो — एवढं सगळं म्हटलं ना मी? रेंज गेली असेल त्याची. तू तर हयसरच होतंस, माझ्या बाजूक. मोठ्यान म्हटलंय. तू आयकलंस ना?

…

नाय?