हिंमत आतड्यात ऱ्हाती व्हय?

न्हाय, पर म्या म्हणतो, हिंमत काय आतड्यात ऱ्हाती व्हय? तुम्हाला सांगतो, अणदूरला पोरगी बघायला गेलो, तिथं हे डोक्यात शिरलं ते निघंनाच! पोरगी माझ्यासाठी न्हाय वो… हसताय काय? पुतण्यासाठी, बसवेशसाठी! निघताना त्याची आई, आमच्या थोरल्या वहिनी, मुरुमच्या स्टँडपर्यंत मागं. "कल्याणप्पा भावजी, नुसता चहा घ्या! पोरीच्या घरी ताटावर बसलं की सोयरीक पक्की धरत्यात. मला अजून लई पोरी बघायच्यात!" म्हणलं, वहिनी, माझ्यावर सोडा…

पोरगी शिवप्रिया, शाळेत सायन्स शिकवती. आपण काही विचारायच्या आत तिनंच बसवेशला धरलं, "मी आवडले ना? मग आईला तसं सांगायचे गट्स आहेत का तुमच्यात?" आमचं बेणं लालेलाल, मान खाली! जीव जडला होता वो त्याचा, आंधळ्यालाबी दिसलं असतं, पण तोंडातनं अक्षर फुटंना. म्या विचारलं, पोरी, गट्स म्हंजी?

"काका, बोलण्यातलं गट्स म्हणजे हिंमत."

आन् डॉक्टर माझं गट सुजलंय म्हणला, ते?

"ते शरीरातलं, आतडं. पण दोन्हीचा पत्ता एकच बरं का… पोट!"

घ्या! आपल्याकडं हिंमत छातीत, माया काळजात, राग नाकावर, आन् आतडं तुटतं ते लेकरासाठी! इंग्रजानं हिंमत नेऊन ठेवली कुठं, तर जिथं कालची भाकर पडलीय तिथं? हिंमत काय आतड्यात ऱ्हाती व्हय?

तेवढ्यात तिचे आजोबा, गुरुसिद्धप्पा, आतनं "ऊटा माडरी, ऊटा माडरी" करत आले. जेवा म्हणायलते कानडीत. मागनं आली हुग्गी! गव्हाची, गुळाची खीर, वर तुपाची धार… म्हणलं, नको, पथ्य हाय, वहिनी हाय… पण वास वो! म्हणलं, बरं, चवीपुरती. मग चवीला वाटी, वाटीखाली ताट, ताटासमोर पाट… आन् बघतो तर काय, शेजारच्या पाटावर बसवेश! माझ्या आधीच मांडी घालून बसलेला, सगळ्यांदेखत! नुसता हुग्गी खातोय आन् तिच्याकडं बघून हसतोय. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. गुरुसिद्धप्पांनी हात जोडले, "सोयरीक पक्की!" खरं सांगू? मला लई आनंद झाला. पोरगं बोललं न्हाय, पण बसलं! आता म्या कुठल्या तोंडानं म्हणू, हिंमत काय आतड्यात ऱ्हाती व्हय?

आन् फोन वाजला. वहिनी! बसवेशनं फोन माझ्या हातात कोंबला आन् हात धुवायला पसार. म्या आपलं घाबरत घाबरत, हॅलो…

"भावजी, जेवलात का?"

म्हणलं, "व्हय वहिनी… आन् तुमचा डबाबी घेतलाय बांधून."