खुंट्यावरचा हात

प्लेगची, गाठीच्या तापाची साथ ओसरून वर्ष झालं होतं. कल्याणच्या दवाखान्याच्या ओट्यावर दोघी माझ्या पुढेच बसल्या होत्या: उजवा खांदा धरून बसलेली कलावती आणि तिला घेऊन आलेली शेजारची काकी.

"मागच्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले गो?"

"हाड सरळ आहे म्हणाले. सूज नाही. चोळायला तेल दिलं."

"सहा महिने तुमचं दळणसुद्धा मीच दळते. तू जात्याला शिवली नाहीस. मग खांदा दुखतो कशानं?"

"पहाटे तुमचं जातं फिरायला लागलं, की कळ येते. पार मनगटापर्यंत जाते."

"माझ्या जात्यानं तुझा हात दुखतो?"

"बारा वर्षं आम्ही दोघी जावा एका खुंट्याला धरून दळत होतो, काकी. साथीत एका पहाटे शेवंतीचा हात माझ्या हाताला लागला, तर चटका बसला मला. एवढा ताप होता तिला."

"तुला काय ठाऊक, कसला ताप तो?"

"ती म्हणाली, वैनी, जरा पडते. मी म्हटलं, एवढी पायली होऊ दे, मग नीज."

"मग?"

"पायली पुरी केली तिनं. मग निजली, ती उठलीच नाही."

"गप गो. असं कर, उद्यापासून पहाटे माझ्यासमोर येऊन बस. नुसता हात ठेव खुंट्याला, ओढीन मी. चार दिवसांत दुखायचा थांबेल खांदा."

"नको, काकी."

"का गो?"

"थांबला तर?"