आईच्या एकटीचा विमा

परवाचंच सांगतो. आई-बाबा पहिल्यांदाच दुबईला निघालेत, म्हणून दोघांना घेऊन गुलमंडीवर सलीमभाईंच्या ट्रॅव्हल्समध्ये गेलो. तिकिटं झाल्यावर मी म्हणालो, प्रवासाचा विमाही काढा. सलीमभाई सरळ माणूस, सगळंच सांगून मोकळे. "दवाखान्याचा खर्च मिळतो, सामान हरवलं तर भरपाई मिळते. अन् खुदा न करे, तिकडंच काही झालं, तर मय्यत घरी आणायचाही खर्च मिळतो."

आई ताडकन उठून दाराशी गेली. "निघायच्या आधीच असलं अभद्र बोलायलेत. मला नाय जायचं."

बाबांना मागच्याच वर्षी स्टेंट बसलाय, त्यामुळं मीही हट्टाला पेटलो. "विमा नसला तर मीच पाठवणार नाय."

शेवटी आई दारातूनच म्हणाली, "काढायचाच तर माझ्या एकटीचा काढ. ह्यांच्या नावावर असलं काही लिहायचं नाय. मला सवाष्ण जायचंय."

बाबा सलीमभाईंकडं वळले. "हिला तर तुम्ही घरी आणाल. पण मग तिथून मला कोण आणंल? तेवढं त्यात बसतं का बघा."