खुर्चीच्या काठावर

जबलपूरच्या कोर्टात, आत जायच्या पासच्या रांगेत, माझ्यापुढे एक रिटायर्ड चपराशी आणि त्यांची वकिली शिकणारी नात. म्हातारबुवा अजूनही ड्यूटीवर असल्यासारखे ताठ उभे.

"यशू, जजसाहेब बस म्हणाले तरी बसू नको."

"आबा, महिनाभराची इंटर्नशिप आहे. उभ्यानं फाईली वाचू?"

"मी चौतीस वर्षं उभाच होतो इथं. काय बिघडलं?"

"गुडघे."

"अच्छा, मग काठावर बस. आवाज आला की लगेच उठता येते."

"बाकीच्या पोरी आरामात बसतीन. त्यांच्या घरी सगळे वकील. मीच काठावर बसली तर कळन ना सगळ्यांना."

"काय कळन?"

"हेच, का आपल्याला इथं बसायची सवय नाही."

"घाबरून राहिली काय?"

"हो. चला ना आबा, घरी जाऊ."

तेवढ्यात फाटकावरच्या शिपायानं आपली खुर्ची सरकवली. "बाबूजी, बैठिए."

"नहीं भैया, हम ठीक हैं."

"बसा आबा. तुम्ही बसले तर मी आत जाते."

"इथं? कोर्टात?"

"इथंच."

"हे घे, बसलो."

"काठावर नाही. पूर्ण."

"पाठ टेकवू?"

"टेकवा."

"टेकवली. आता जाय तू."