पहिला टिळा

सिंधुताई : पहिला टिळा मामाले? हेमराज, पोराकडच्यायमधून पहिला टिळा तू मामाले लावला?

हेमराज : ताई, ते वयानं सगळ्यांत मोठे आहेत. साखरपुड्यातही ज्येष्ठांना आधी, हा साधा राजशिष्टाचार आहे.

सिंधुताई : तुह्या एम्बसीत असन! आपल्यात साक्षगंधाले पहिला मान जवाईबापूचा. गुलाबराव म्हणजे नवरदेवाच्या, आपल्या अंकुरच्या, आत्याचे मालक, त्या घरचे मोठे जवाई. आता बसले ना गाडीत जाऊन! म्हणतात, जेवत नाही.

हेमराज : बाकीचे जेवतील ना?

सिंधुताई : ते जेवल्याबिगर त्यायच्यातलं एक मानूस पंगतीत बसत नाही. तिकडं भूमिका रडून राहिली. आपली नात सासरी जायच्या आधीच तिच्या नावावर बोल लागला : हिच्या साक्षगंधातून जवाई उपाशी गेला. जनमभर आयकाव लागन पोरीले.

हेमराज : राजकुमार गेला होता ना समजवायला?

सिंधुताई : गेला होता. म्हणे, चला फुफाजी, छोटीशी बात हाय.

हेमराज : अरे देवा. पोरीचा बापच असं म्हणाला? रुसलेल्या माणसाला कधी सांगू नये की गोष्ट लहान आहे.

सिंधुताई : मंग तू जाय. सांग त्यायले, तू कोण हायेस ते.

हेमराज : तेच तर त्यांना माहीत आहे. सकाळपासून तू प्रत्येकाला सांगते आहेस. साध्या माणसानं चूक केली असती तर हसून सोडली असती. राजदूतानं केली, म्हणून लागली.

सिंधुताई : सांगीन नाही तं काय! स्टील प्लांटच्या कोक ओव्हन भट्टीवरल्या रामाजीचा पोरगा. रशियन साहेबायच्या पोरायसंग खेळून खेळून त्यायची भाषा शिकला, अन् पहिलीच नोकरी मॉस्कोले! बाबानं अख्ख्या सेक्टरमधे पेढे वाटले होते. मंग नैरोबी, मंग काठमांडू, मंग स्वतः राजदूत. गर्व हाय मले. लपवू कावून?

हेमराज : नको लपवू. मी जातो.

सिंधुताई : हे टिळ्याचं ताट घे. दुपट्टा, टोपी, नारळ.

हेमराज : ताट आतच राहू दे, ताई. गाडीच्या खिडकीतून दिला तर तो मान कसला? उरलंसुरलं दिल्यासारखं होईल.

(फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली उभी गाडी. मागची काच अर्धी खाली.)

गुलाबराव : या, राजदूतसाहेब. तुमीही सांगा, छोटीशी गोष्ट हाय म्हणून.

हेमराज : छोटी नाही, जवाईबापू. बसू काय बाजूले?

गुलाबराव : बसा. पण मी येऊन नाही राहिलो. आधीच सांगून ठेवतो.

हेमराज : तुमाले ‘चला’ म्हणाले मी आलोच नाही. चूक माही हाय, तेवढं सांगाले आलो.

गुलाबराव : अं? आपली बोली येते तुमाले? आत तं मोठं पुस्तकी बोलून राहिले होते.

हेमराज : घरची बोली हाय, जाते कुठं?

गुलाबराव : मी मालगाडीचा गार्ड होतो, साहेब. दुर्ग लाईनवर जिंदगी गेली. इंजिनात कोणीही बसो, माह्या हिरव्या झंडीबिगर गाडी हलत नव्हती. मले काय टोपीची भूक हाय?

हेमराज : नसनच. एक गोष्ट सांगू? एका लहानशा देशात मी राजदूत होतो. त्यायच्या राष्ट्रीय दिनाले माही खुर्ची पहिल्या रांगेत पायजे होती. ठेवली शेवटच्या रांगेत. मी उठलो अन् गाडीत जाऊन बसलो.

गुलाबराव : तुमी? असेच?

हेमराज : असाच. काचही अशीच अर्धी खाली.

गुलाबराव : काच कावून?

हेमराज : कोणी बोलवाले आलं, तं आयकू आलं पायजे ना.

गुलाबराव : हॅ हॅ हॅ! लय पोचलेले हाय तुमी!

हेमराज : लोक म्हणाले, खुर्चीसाठी रुसला. पण ती खुर्ची माही नव्हती. हेमराज उभाही राह्यला असता उन्हात. पण देशाले शेवटच्या रांगेत कसा बसवू? तुमीही आज स्वतःसाठी उठले नाही.

गुलाबराव : नाहीच! घरवालीचं माहेर हाय ते. तिच्या समोर, तिच्या भावजयांच्या समोर, तिच्या मालकाले मांगं ठेवलं. तिची मान खाली गेली, साहेब. ते नाही पाहवलं.

हेमराज : माह्या हातून झालं. आत्याबाईची माफी मागाची हाय मले.

गुलाबराव : मंग तिकडं तुमाले कोण आलं बोलवाले?

हेमराज : त्यायचे परराष्ट्रमंत्री, खुद. चूक आमची, म्हणाले. मी उतरलो.

गुलाबराव : लगेच? थोडंसं ताणलं नाही?

हेमराज : मनात तं लय होतं. पण माह्यासाठी कार्यक्रम थांबला होता. शाळेतली लेकरं झेंडे घेऊन उन्हात उभी होती. त्यायचं काय चुकलं होतं?

गुलाबराव : ... आत पंगत थांबली हाय ना?

हेमराज : मी काही म्हटलं नाही.

गुलाबराव : पोरगी काय करून राहिली?

हेमराज : रडून राहिली.

गुलाबराव : दार उघडा, साहेब. टिळा सगळ्यायच्या समोर लावाचा.

हेमराज : सगळ्यायच्या समोर. अन् आत्याबाई तुमच्या बाजूच्या खुर्चीवर.

गुलाबराव : मंग चला, हेमराजभाऊ. भूकही लागली हाय.

सिंधुताई : (फाटकात) या, जवाईबापू, या. पाय धुवाले पाणी ठेवलं हाय. व्हा समोर... हेमराज, तू थांब जरा.

हेमराज : ताई, तू फाटकाच्या मागे उभी होतीस?

सिंधुताई : होती. पहिली नोकरी लागली तुले, तवापासून लोकायले सांगत आली, भाऊ मोठा साहेब हाय. कोणी विचारे, म्हणजे करते काय तो? मी म्हणत होती, देशाचं काम करते. बाबाही मले विचारत होते, सिंधू, हा तिकडं करते तरी काय? फोटो पाह्यले तुहे, हार पाह्यले. काम कधी पाह्यलं नव्हतं.

हेमराज : आणि आज?

सिंधुताई : आज पाह्यलं. चाल, पहिला टिळा लाव.