चिंचेनं घासलेली पट्टी

भीती काय असते, ते मले विचारा. सत्तर-एकाहत्तर साली नागपुरात एमएस्सीले होतो. तांब्याच्या पट्टीवर मेणाचा थर, त्यावर पाण्याचा थेंब. थेंबात विजेची तार सोडून तो सरकवायचा, हा आमचा प्रयोग. मेणामुळे करंट पट्टीत उतरत नसे, म्हणून सर ती खुशाल हातात धरत.

दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी पट्टी हातात धरून सर म्हणाले, "हं, दाब बटन."

माझं बोट बटनावर होतं. पण मेणावर रोज मोत्यासारखा गोल राहणारा थेंब आज पसरला होता.

"सर, हात काढा!"

शिपाई गणपतराव दचकले. "काहून ओरडतो गा? खंडेनवमीच्या पूजेले मी पट्टी गरम पाण्यानं धुतली, चिंचेनं घासली. पाहा, कशी चमकून राहिली!"

अजूनही चकचकीत तांबं दिसलं की माझं बोट आपोआप मागे येते.